घरचं अमेरिकेला किती सांगायचं

शाळेच्या कागदोपत्री मी ‘युनिव्हर्सिटी कौन्सिलर’ होतो. प्रत्यक्षात मला पगार मिळायचा तो सतरा-अठरा वर्षांच्या मुलांची भीड चेपण्याबद्दल. डार्मश्टाटजवळ इंग्रजी माध्यमाची, ब्रिटिश पद्धतीने चालणारी ती शाळा. मुलं जगभरची, पण बरीचशी ब्रिटिश पासपोर्टवाली. आईबाप नोकरीनिमित्त जर्मनीत, मुलं ए-लेव्हलला, म्हणजे ब्रिटिश शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत. त्यांतली बहुतेक पुढे निमूटपणे ब्रिटनमधल्या विद्यापीठांत जायची. दर वर्षी पाच-सहा जणांच्या डोक्यात मात्र अमेरिका शिरायची, आणि ती माझ्या वाट्याला यायची.

हे काम मी मागून घेतलेलं नाही. मी पुण्यात कॉलेजात फिजिक्स शिकवत होतो. बायकोला, नीलिमाला, इथल्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली आणि तिच्या व्हिसावर मी आलो. पहिली दोन वर्षं मी घरीच होतो. पुण्याला फोनवर ‘कन्सल्टिंग करतो’ असं सांगायचो. सल्ला मी तेव्हा फक्त कुकरला देत होतो, पण पुरुषाने बायकोच्या व्हिसावर येऊन पोळ्या लाटाव्यात हे सांगायची माझी छाती झाली नाही. मग शाळेत फिजिक्सच्या बदली शिक्षकाची जागा निघाली. पुढे आधीचे कौन्सिलर स्कॉटलंडला परत गेले, त्यांचं काम कुणालाच नको होतं, ते माझ्या गळ्यात पडलं.

बाहेरच्या माणसाला या कामातली गंमत कळावी म्हणून थोडं सांगतो. ब्रिटनमध्ये विद्यापीठासाठी एकच अर्ज असतो. सतराव्या वर्षी एक विषय पक्का करायचा, तो आपल्याला का आवडतो हे पानभर लिहायचं, शिक्षकांनी चार ओळींची शिफारस द्यायची, झालं. अमेरिकेचं तसं नाही. तिथे प्रत्येक विद्यापीठाची मागणी वेगळी. मागच्या सगळ्या वर्षांचे गुण द्या, शनिवारी सकाळी फ्रांकफुर्टला जाऊन परीक्षा द्या, दोन शिक्षकांची पत्रं, कौन्सिलरचं पत्र, वर्गाबाहेर तुम्ही काय काय करता त्याचा तपशील, आणि शेवटी निबंध. निबंधाचा विषय कुठलाही असो, खरा विषय एकच: तुम्ही स्वतः. ब्रिटिश मुलाला यापेक्षा अवघड काही सांगता येत नाही.

ऑलिव्हर नावाच्या मुलाने लिहिलं होतं, ‘मला बुद्धिबळ बऱ्यापैकी येतं.’ ते वाक्य मी खोडणार होतो. सहज विचारलं तेव्हा कळलं की पोरगा आमच्या हेसेन राज्याचा ज्युनियर चॅम्पियन आहे. म्हटलं, अरे मग लिहीत का नाहीस? त्याचे कान लाल झाले. म्हणाला, ‘इट्स अ बिट मच, इझन्ट इट?’

मास्तरही त्याच मुशीतले. केमिस्ट्रीचे ह्यूज सर एका फार हुशार मुलीबद्दल लिहून मोकळे झाले, ‘हिच्याबद्दल तक्रारीला जागा नाही.’ ब्रिटनमध्ये याचा अर्थ मुलगी रत्न आहे. अमेरिकेत वाचणारा म्हणेल, मग हिचं नेमकं बिनसलंय काय? मी चहाचा कप घेऊन ह्यूज सरांकडे गेलो, खूप गळ घातली, निदान ‘उत्तम’ हा शब्द तरी घाला म्हटलं. त्यांनी घातला. ‘काहीशी उत्तम’ असं लिहिलं.

आपल्या मंडळींचं दुखणं उलटं. गाड्यांच्या कंपनीतले एक इंजिनिअर मुलाचा निबंध स्वतःच लिहून घेऊन आले. त्यात मुलाला आयुष्यभराचा मॅनेजमेंटचा अनुभव होता आणि त्याने कठीण काळात टीमचं मनोबल टिकवलं होतं. मुलगा शेजारी बसून वाचत होता. वाचून झाल्यावर तो बापाला शांतपणे जर्मनमध्ये म्हणाला, ‘पापा, दास बिन इश निश्त.’ हा मी नाहीये. बाप म्हणाला, ‘नसशील, पण व्हायला काय हरकत आहे?’

असे किस्से मी मराठी मंडळात रंगवून सांगायचो, नावं गाळून. लोक हसायचे, मलाही बरं वाटायचं. नावाजलेल्या कंपन्यांत नोकऱ्या करणाऱ्या त्या लोकांत मी बायकोमागून आलेला मास्तर. मला बोलून हसवण्याखेरीज दुसरं भांडवल नव्हतं. ते मी नको तिथेही वापरलं, आणि त्याचा संबंध केतकी जोगळेकरशी येतो.

केतकीचा जन्म ब्रिटनमधला. वडील विवेक जोगळेकर पुण्याचे, पण बरीच वर्षं तिकडे होते, तिघांचेही पासपोर्ट ब्रिटिश. मग विवेकला इथल्या अंतराळ केंद्रात काम मिळालं आणि कुटुंब डार्मश्टाटला आलं. केतकीला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं. शाळेत ती केट. तिला भूगर्भशास्त्र शिकायचं होतं आणि नाटकही. ब्रिटनमध्ये तिला म्हणाले, एक काहीतरी निवड. अमेरिकेत दोन्ही एकत्र चालतं, म्हणून तिला तिकडे जायचं होतं. दहावी-अकरावीपर्यंत तिचे गुण पाहून मी मनात म्हणायचो, ही कुठेही जाईल.

बारावीच्या वर्षी, म्हणजे आमच्याकडे शेवटून दुसऱ्या वर्षी, गुण घसरले, आणि थोडेथोडके नाही. अमेरिकेच्या अर्जात हे लपत नाही. वर आणखी एक अडचण. वर्गाबाहेर काय करतेस, या प्रश्नाला तिच्याकडे उत्तरच नव्हतं. नाटकाचा ग्रुप सोडला होता, ऑर्केस्ट्रा सोडला होता. आमच्याकडे हे सगळं जेवणाच्या सुट्टीत चालायचं आणि त्या सुट्टीत केट शाळेतच नसायची. घंटा झाली की दप्तर न घेता ट्राम स्टॉपकडे पळत सुटायची, पुढच्या तासाला धापा टाकत परत यायची. माझ्या ऑफिसच्या खिडकीतून स्टॉप दिसायचा. मी एकदा तिला चिडवलं, ‘कोण आहे तो नशीबवान? अर्जात त्याच्यासाठी रकाना नाही गं.’ ती ओशाळून हसली. मी म्हटलं, बघ, अर्ज जानेवारीच्या पहिल्या तारखेला बंद होतात, तोवर काहीतरी कारण सापडलं पाहिजे.

कौन्सिलरच्या पत्राचा खरा उपयोग तोच असतो. मुलाचं एखादं वर्ष बिघडलं तर का बिघडलं, हे कौन्सिलर लिहितो आणि अमेरिकावाले ते गंभीरपणे वाचतात. कारण नसेल तर ते समजतात की मुलगी आळशी आहे. मी तिच्या आईला, मेधावहिनींना, बोलावून घेतलं.

त्या कोट न काढताच खुर्चीच्या कडेवर बसल्या. मी गुण दाखवले. त्या कागद परत माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, ‘अहो ओक, विवेकला जरा बरं नाहीये. क्रांकश्राइबुंगवर आहे. मार्चपासून.’

क्रांकश्राइबुंग म्हणजे डॉक्टरने दिलेली आजारपणाची चिठ्ठी. सर्दीलाही मिळते, दोन-तीन दिवसांची. मार्चपासूनची मी कधी ऐकली नव्हती, आणि आता नोव्हेंबर चालू होता.

‘काय झालंय?’

‘डॉक्टर डिप्रेशन म्हणतात. आम्ही तसं नाही म्हणत.’ मग घाईघाईने, ‘पण हे कुठे लिहायचं नाही हं. पुण्यात त्याच्या आईला माहीत नाही. मंडळात तर नाहीच नाही.’

मंडळाचं नाव निघालं आणि मला गणपती आठवला. आरतीनंतर कुणीतरी विचारलं होतं, जोगळेकर दिसत नाहीत बरेच दिवसांत? वहिनी म्हणाल्या, दौऱ्यावर आहे. आणि मी, हातात मोदक घेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो होतो, ‘अंतराळवाले ते, मंगळावर पाठवला असेल. येईल परतीचं यान मिळालं की.’ हॉलभर हशा पिकला होता. सगळ्यांत मोठ्याने हसल्या होत्या मेधावहिनी.

आता त्या माझ्यासमोर बसल्या होत्या आणि मला मान वर करवत नव्हती. जे घर आठ महिने एका माणसाला सांभाळत होतं, त्या घराला मी हसून वर टाळ्या मिळवल्या होत्या. कन्सल्टिंगच्या नावाखाली घरात लपून काढलेली दोन वर्षं माझ्याही खात्यावर होती. ‘दौऱ्यावर’ या शब्दाचा वास दुसऱ्या कुणाला नाही तरी मला यायला हवा होता.

तरी मी धंद्याचं बोललो. म्हटलं, वहिनी, पत्र गोपनीय असतं, मुलांनाही दाखवत नाहीत.

‘अमेरिकेत कोण वाचतं तुम्हाला माहितीये का?’ त्या म्हणाल्या. ‘कुणाची तरी भाची तिथे नोकरीला असते. आठवड्यात पुण्याला कळेल. आणि उद्या विवेक बरा झाला, तर त्याने कुठल्या तोंडाने चारचौघांत बसायचं? तुम्ही सांगा ना, कुठल्या तोंडाने?’

ज्या चारचौघांबद्दल त्या बोलत होत्या त्यांत मीच होतो.

केतकीला विचारलं तर तीही नाही म्हणाली. तिचं कारण वेगळं होतं. ‘ते म्हणजे बाबावर ढकलणं झालं,’ ती इंग्रजीत म्हणाली. ‘पेपर मी दिले. मार्क मला कमी पडले. त्यात त्याला कशाला आणायचं?’ मी समजावलं की यात ढकलणं नाही, खुलासा आहे. ती म्हणाली, ‘सेम थिंग.’ आई लाजेने नाही म्हणत होती, मुलगी अभिमानाने. पत्र मात्र माझ्यासमोर कोरंच पडलं होतं. कारण न देता अर्ज पाठवला असता तर तिचा निकाल मी त्याच दिवशी सांगितला असता.

डिसेंबर लागला होता. एका सकाळी शाळेच्या सेक्रेटरी फ्राउ बेकर माझ्या दारात आल्या. म्हणाल्या, ‘बाहेर एक गृहस्थ आलेत. तुमचं नाव सांगतात. बसा म्हटलं तर बसत नाहीत.’

कॉरिडॉरमध्ये विवेक उभा होता. मला त्याला ओळखायला क्षणभर वेळ लागला. अंगाने अर्धा झाला होता. दाढी नुकतीच केलेली, हनुवटीवर ब्लेड लागलेलं. कोटाची बटणं एक सोडून एक लागली होती. हातात ट्रामचं तिकीट घट्ट धरलेलं होतं आणि माझ्याशी हात मिळवताना ते कुठे ठेवायचं हे त्याला सुचेना.

आत आल्यावर तो खिडकीकडे तोंड करून बसला. म्हणाला, ‘मेधाला माहीत नाही मी आलोय ते.’

मी चहा विचारला. त्याने नको म्हणून मान हलवली. मग पाठ केलेलं म्हणावं तसं तो बोलायला लागला. ‘ओक, केतकीचे मार्क माझ्यामुळे गेले. ते तुम्ही लिहा. ती दुपारी शाळेतून धावत घरी यायची ना, ती मी आहे ना, हे बघायला यायची.’

मी म्हटलं, ‘म्हणजे? तुम्ही घरीच असायचात ना?’

‘घरी असायचो,’ तो म्हणाला. ‘पण मी आहे ना, हे बघायला.’

मग मला कळलं. बाहेरच्या मैदानावर छोटी मुलं ओरडत होती आणि आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत बसलो.

‘दार उघडायची,’ तो पुढे म्हणाला, ‘मी सोफ्यावर दिसलो की, ओके बाबा, बाय, म्हणायची आणि परत पळायची. रोज. मला वाटायचं तिला सांगावं, नको येत जाऊस, जेव नीट. पण ती आली की मला बरं वाटायचं. म्हणून नाही सांगितलं.’ आणि मग, ‘आता औषध लागू पडतंय असं डॉक्टर म्हणतात. ती वर्गाबाहेर काय करते असं तुम्ही विचारलंत म्हणे. ती हे करते. हे लिहिलं तर चालतं का तिकडे?’

इथे मला एक सांगायचं आहे, आणि ते सांगताना आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं. त्या माणसाने हे वाक्य उच्चारलं तेव्हा माझ्या डोक्यात पहिली गोष्ट आली ती अशी, की हे पत्रात फार चांगलं दिसेल. सुरुवात कुठून करायची, दार उघडण्यापासून की ट्रामपासून, इथपर्यंत मी पोचलो होतो. समोर माणूस बसलाय, ज्याने आज दाढी केली, कोट घातला, तिकीट काढलं, लोकांनी भरलेल्या ट्राममध्ये उभा राहून इथवर आला, आणि मी त्याचा मजकूर करत होतो. वर्षानुवर्षं मुलांची दुःखं उलटीसुलटी करून त्यातलं काय खपेल ते बघायची मला सवय झाली होती. ती सवय त्या दिवशी मला आतून दिसली आणि माझी मला किळस आली.

मी म्हटलं, ‘चालतं. पण केतकीला विचारावं लागेल. तिला बोलावू?’

‘नको,’ तो उठला. ‘तिचा तास बुडेल. मी जातो.’

तो गेल्यावर मी केमिस्ट्रीच्या वर्गातून केतकीला बाहेर बोलावलं. माझ्या डोक्यात पत्र होतं, परवानगी होती, तारीख होती. मी सांगितलं, बाबा येऊन गेले, ते म्हणतात लिहा. तिने पुढचं काही ऐकलंच नाही.

‘बाबा आला होता? इथे?’

‘हो.’

‘आई बरोबर होती?’

‘नाही. एकटेच.’

‘ऑन हिज ओन?’ ती म्हणाली. ‘ट्रामने?’

मी हो म्हटलं, आणि ती कॉरिडॉरमधून पळाली. मी ऑफिसात परत येऊन खिडकीशी उभा राहिलो. विवेक अजून स्टॉपच्या बाकावर बसलेला होता. एक ट्राम आली, दारं उघडली, मिटली, तो उठला नाही. तेवढ्यात केतकी पोचली. तिने मिठी वगैरे काही मारली नाही. बाकावर त्याच्या शेजारी बसली, खाली वाकून त्याच्या कोटाची बटणं काढली आणि पुन्हा नीट लावली. आणखी एक ट्राम गेली. मी खिडकीचा पडदा ओढला, कारण तिथे उभं राहून बघण्याचा मला काहीएक अधिकार नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती आली. म्हणाली, ‘लिहा. पण मी किती ग्रेट आहे असं नको. आणि तो बिचारा असंही नको.’ मग दाराशी थांबून म्हणाली, ‘तो असा असताना मी जाणारच नव्हते, मिस्टर ओक. अर्ज मी आईसाठी करत होते. काल पहिल्यांदा वाटलं की जाता येईल.’

मेधावहिनींनाही मी त्याच दिवशी फोन करून सांगितलं. त्या हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. ‘तो स्वतः आला होता का?’ एवढंच दोनदा विचारलं.

माझ्या सगळ्या नोकरीतलं सर्वांत छोटं पत्र मी केतकीचं लिहिलं. वडील त्या वर्षी आजारी होते. ती दुपारच्या सुट्टीत घरी जात असे. तिच्या जागी मीही तेच केलं असतं, असं मला म्हणायला आवडेल. आता वडील सुधारत आहेत. स्तुतीचं विशेषण एकही नाही. ह्यूज सरांनी वाचलं असतं तर खूश झाले असते.

दोन विद्यापीठांनी नाही म्हटलं. तिसऱ्याने घेतलं. भूगर्भशास्त्र आणि नाटक, दोन्ही. मी शिरस्त्याप्रमाणे अभिनंदन केलं, तिनेही शिरस्त्याप्रमाणे ‘थँक्स, इट्स क्वाइट नाइस’ असं म्हटलं आणि शाळा संपली.

ऑगस्टच्या अखेरीस दुपारी घरचा फोन वाजला. मेधावहिनी होत्या. आवाज ओळखू येऊ नये इतका वेगळा.

‘अहो ओक, आज केतकी गेली. विवेक तिला सोडायला फ्रांकफुर्टला विमानतळावर गेला होता. मला काम होतं म्हणून मी गेले नाही. म्हणजे काम नव्हतं, मी मुद्दामच गेले नाही. आणि तो आत्ता परत आला. एकटा. बसने. येताना ब्रेड घेऊन आला.’

मी म्हटलं, ‘अरे वा, वहिनी. फार छान झालं.’

‘हो ना,’ त्या म्हणाल्या. मग हळू आवाजात, ‘मला कुणाला तरी सांगायचं होतं. कुणाला सांगू कळेना. म्हणून तुम्हाला केला.’

आमचं मंडळ काही लहान नव्हतं. गणपतीला हॉल पुरायचा नाही, दिवाळीला दोन पंगती बसायच्या, मुलांच्या बारशापासून सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनपर्यंत सगळ्यांना सगळं माहीत असायचं. एवढ्या लोकांत त्या बाईला, नवरा एकटा बसने घरी आला आणि येताना ब्रेड घेऊन आला, हे आनंदाने सांगायला एक घर नव्हतं. शेवटी तिने फोन केला तो शाळेत मुलांचे अर्ज भरून देणाऱ्या माणसाला, ज्याने तिच्या नवऱ्याला मंगळावर पाठवलं होतं त्याला.

मी फोन हातात धरून उभा होतो. मला विचारावंसं वाटलं, कुठला ब्रेड आणला. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, ‘बरं, ठेवते. तो चहा करतोय.’